हिरवा कोशिंब

उज्वला, माझी बायको, वारली तेव्हा तिचं चित्र हॉलमध्ये लागून एकवीस दिवस झाले होते. चित्र जंगलाचं आहे. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, ऑइल कलरमध्ये काढलेलं. आमच्या नाशिक रोडच्या घरात टीव्हीच्या वर ते लावलं होतं. त्याआधी चौदा महिने ते बेडरूममध्ये कपाटामागे उभं होतं. तिथे ते मीच ठेवलं होतं.

मी तेहतीस वर्षं प्रेसमध्ये तपासणी खात्यात नोकरी केली. छापलेली शीट समोर यायची, शेजारी मंजूर नमुना असायचा. दोन्ही ताडून बघायचं. कुठे रंग सरकला, कुठे रेघ तुटली, कुठे डाग पडला. बरोबर काय आहे ते बघायचं नसतं, ते बघत बसलं तर दिवसाचं काम उरकत नाही. चूक दिसली की पेन्सिलीने तिच्याभोवती गोल करायचा आणि शीट बाजूला टाकायची. माझी नजर चांगली होती, असं सगळे म्हणायचे. ती नजर गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाकरीची करपलेली कड, साडीच्या फॉलची निघालेली शिवण, पाहुण्यांसमोर तिने चुकीचा सांगितलेला गाडीचा टायमिंग. मला आधी तेच दिसायचं आणि मी ते बोलून दाखवायचो.

पन्नाशी उलटल्यावर तिने गंगापूर रोडला चित्रकलेचा क्लास लावला. दोन बस बदलून जायची. पहिलं वर्ष वांगी, तांब्या, फुलदाणी असंच चाललं होतं. मग एक दिवस तिने मोठा कॅनव्हास आणला आणि जंगल काढायला घेतलं. तिचे वडील वनरक्षक होते. पेठच्या अलीकडे करंजाळीच्या बाजूला त्यांची चौकी होती, आणि बारा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच वाढली. चौकीच्या दारातून दिसायचं ते जंगल ती काढत होती.

"फोटो कुठाय?" मी विचारलं.

"फोटो नाही. मला आठवतंय."

"मग मी ताडून कशाशी बघू?"

"ताडून नका बघू. नुसतं बघा."

असं तिने एकदाच म्हटलं. मला ते उर्मट वाटलं.

सहा महिन्यांनी चित्र पुरं झालं. तिला ते हॉलमध्ये लावायचं होतं. तिथे मला निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ होतं. ती म्हणाली, घड्याळ आतल्या खोलीत लावू. मी म्हटलं, आधी चित्र तर बघू दे. चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पेन्सिल घेतली. दोन गोल केले.

पहिला गोल डाव्या बाजूच्या जाड खोडाला. त्या एकाच खोडाला तिने दोन साली काढल्या होत्या. अर्धं खोड काळपट, भेगाळलेलं, आणि अर्धं पांढुरकं, गुळगुळीत. एकमेकांना चिकटून वर गेलेली. छपाईत एक रंग दुसऱ्याच्या हद्दीत गेला की असंच दिसतं.

दुसरा गोल मधल्या झाडाला. सगळं जंगल चैत्रातलं, वाळकं. सागाला एक पान नाही, खाली पाचोळा. आणि मधोमध एक झाड लालभडक. पळसाची फुलं लाल असतात, तेवढं मला माहीत होतं. पण ही फुलं नव्हती. पानं होती.

"लाल पानं?" मी म्हटलं. "झाड आहे का कुंकवाचा करंडा?"

तेव्हा तेजल, आमची मुलगी, आलेली होती. ती हसली. उज्वला पण थोडी हसली. तिने फडक्याने पेन्सिलीचे गोल पुसले आणि चित्र उचलून आत नेलं.

"बरोबर झालं की लावू," मी मागून सांगितलं.

मी ते चित्र कपाटामागे ठेवलं म्हणजे वाटेत येत होतं म्हणून ठेवलं, असं तेव्हा म्हणायचो. खरं असं की ते डोळ्यांसमोर असलं की ती विचारायची, लावायचं का. मागे ठेवल्यावर विचारायची कमी झाली.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताला सुया, उजवा हात मोकळा. घरी असायची त्या दिवशी ती खिडकीशी बसायची. एकदा म्हणाली, "ते चित्र काढा ना बाहेर. त्या खोडाचं करते दुरुस्त."

मी काढून दिलं. ती रंग कालवायला लागली तेव्हा मी सांगितलं, "वरून मारू नकोस. वरून मारलेलं मला कळतं. आधी खालचं सगळं खरवडून काढ, कापड दिसलं पाहिजे, मग नवीन भर."

तिने तसंच केलं. बोथट सुरीने पांढरी साल खरवडली, टर्पेंटाइनने पुसली, आणि सगळं खोड एकाच सालीचं केलं. दोन दिवस लागले, कारण मधे मधे तिला आडवं व्हावं लागायचं.

"आता ते लाल," मी म्हटलं.

"ते तसंच असतं."

"झाडाची पानं लाल नसतात, उज्वला. पहिलीतलं पोर पण हिरवी काढतं."

"मी पाहिलंय हो."

"बारा वर्षांची होतीस. काय पाहिलंस ते तुला आज काय आठवणार? काल गोळी घेतली का नाही ते आठवत नाही तुला."

मी आणखी एक वाक्य बोललो. ते इथे लिहितो, कारण ते सोडून बाकी लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "लाल ठेवायचं असेल तर ठेव. पण मग ते हॉलमध्ये लागणार नाही. आणि तुझ्याकडे काही वर्षानुवर्षं नाहीत थांबायला."

डिसेंबरात तिने ते झाड खरवडलं. मी पेपर वाचत होतो. सुरीचा आवाज बराच वेळ येत होता. संध्याकाळपर्यंत तिथे स्वच्छ पांढरं कापड दिसत होतं, आणि दोन दिवसांनी हिरवं झाड. मी चष्मा लावून बघितलं. कुठे जोड दिसत नव्हता.

"आता ठीक आहे," मी म्हटलं, आणि घड्याळ उतरवून चित्र लावलं.

त्यानंतर ती हॉलमध्ये टीव्हीकडे पाठ करून बसायला लागली. म्हणायची, उजेडाने डोळे दुखतात. मी टीव्ही बंद केला, तरी तशीच बसायची. मला वाटलं, आजारपणाचे चाळे. जानेवारीत ती गेली.

मग मला ते चित्र दिसायला लागलं. घरात दुसरं बघायला कोणी नव्हतं. सकाळी चहा करून मी तिच्या खुर्चीत बसायचो, फक्त खुर्ची फिरवून. सागाची पडलेली पानं तिने एकेक काढली होती. काही उताणी, काही पालथी, आणि पालथ्या पानांच्या शिरा वर आलेल्या. उन्हाची तिरीप जिथे जमिनीवर पडली होती तिथे पाचोळा तांबूस होता, आणि त्याच्या जरा पलीकडे राखाडी. ऐनाच्या सालीवर चौकोनी भेगा होत्या. एका फांदीवर मधाचं जुनं, काळं पडलेलं पोळं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. दूर झाडं विरळ होत गेली होती आणि त्यांच्यामधून हवा दिसत होती. हवा कशी काढतात मला माहीत नाही. पण बघताना गळा कोरडा व्हायचा, असं वाटायचं की दुपार झाली आहे आणि आपण बरंच चाललो आहोत. चित्रातली वाट कुठे वळते ते बघायला मी पुढे वाकायचो. तेहतीस वर्षांत मी बरोबर असलेली वस्तू इतका वेळ बघितली नव्हती.

फक्त मधल्या हिरव्या झाडाशी डोळा अडकायचा. रंग नीट होता, सावली नीट होती. तरी अडकायचा. मी मनाला सांगायचो की चूक असती तर मला सांगता आली असती.

सव्वा महिन्याला भिमाजी आला. हा तिचा धाकटा भाऊ. वडिलांच्या मागे तो त्याच गावात राहिला, वनखात्यात मजुरी केली, आता थोडी नागली, थोडं भात करतो. जेवण झाल्यावर तो चित्रासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "आमची चौकी हाय ही. दारातून असंच दिसायचं."

"हो."

"दाजी, कोशिंब कुठंय?"

"कोण?"

"कोशिंब. मधी पायजे. आन् डावीकडच्या सागाला नांद्रुकाचं झाड गुंडाळलेलं होतं, ते पण नाय."

मी सांगितलं की मधलं ते झाड असेल. तो जवळ गेला. "हिरवा?" म्हणाला. "चैत्रात? आक्कानं काढला हा?"

"आधी लाल काढला होता. मी दुरुस्त करून घेतला."

भिमाजी माझ्याकडे बघून हसला. चांगलं हसू नव्हतं. "तुम्ही दुरुस्त करून घेतला," तो म्हणाला. "दाजी, त्या झाडावर नजर ठेवून आम्ही घरी यायचो. शाळंतून येताना कुठं बी वाट चुकली तर टेकाडावर चढायचं, लाल दिसलं का तिकडं चालायचं. आन् आक्का ते विसरंल?"

"मी कधी लाल पानांचं झाड पाहिलं नाही."

"तुम्ही नाशिक रोडला झाडं बघितली. मेन रोडची." तो खाली बसला. "ते जाऊ द्या. चित्र मी नेतो. आक्का म्हनली व्हती, तुला देईन."

हे मला माहीत नव्हतं. एवढंच तर माझ्याकडे उरलं होतं. मी म्हटलं, "चित्र इथेच राहील. तिने ते ह्या भिंतीसाठी काढलं."

"तिनं चौकीसाठी काढलं."

"तू म्हणतोस ते झाड लाल असलं तर चित्र तुझं. नसलं तर परत नाव काढायचं नाही."

"चैत्रात या," भिमाजी म्हणाला. "पाडव्याला. बाकीच्या महिन्यांत तो पण हिरवाच ऱ्हातो, मंग तुम्ही म्हनाल, जिंकलो. आन् चित्र घेऊन या. नमुन्याशी ताडून बघायची सवय हाय ना तुम्हाला."

तेजलला हे कळल्यावर ती म्हणाली, "पप्पा, कशाला जाता? देऊन टाका मामाला नाहीतर ठेवा. झाड बघून काय होणार?" मी सांगितलं, मला बघायचंय. मी जिंकणार असं मला वाटत होतं. हे पण खरं लिहितो. बायको जाऊन दोन महिने झाले होते आणि ती चुकली होती हे सिद्ध करायला मी निघालो होतो.

दुखवट्याचं वर्ष, त्यामुळे पाडव्याला घरी गुढी नव्हती. सकाळी चित्र चादरीत गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि पेठ नाक्यावर आलो. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, टीव्ही का?"

"चित्र आहे."

"कुणाचं?"

"बायकोचं."

त्याला वाटलं बायकोचा फोटो. "एवढा मोठा?" म्हणाला. मग माझ्याकडे बघून चित्र उभं ठेवायला त्याने आपल्या सीटजवळची जागा दिली.

भिमाजी फाट्यावर उभा होता. रामराम झाला. त्याने चित्र घेऊ का असंही विचारलं नाही. मीच ते डोक्यावर धरून त्याच्या मागून चाललो. ऊन होतं. अर्ध्या तासाने एक टेकाड आलं. तो वर गेला आणि थांबला. मी धापा टाकत वर पोचलो.

खाली जंगल होतं. सगळं करडं, वाळलेलं. आणि मधोमध ते झाड होतं.

ते लाल होतं. पळसासारखं केशरी नाही. आगीसारखं नाही. ताज्या कापलेल्या जखमेसारखं, ओलं लाल. वाऱ्याने पानं हलत होती, फुलं नव्हती, पानंच होती. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. झाड तसंच राहिलं.

"खाली चला," भिमाजी म्हणाला. "इथून नाय. चौकीतून."

चौकीचं आता नुसतं जोतं उरलं आहे. त्याने मला त्यावर उभं केलं, जिथे दार होतं तिथे. "सोडा चादर," म्हणाला. मी सोडली. "धरा समोर."

मी चित्र हातात धरलं. वरच्या कडेवरून खरं जंगल दिसत होतं, खाली तिचं. मी ताडायला लागलो. दुसरं काही मला येतच नाही. ऐन होता. भेगा होत्या. वाट त्याच जागी वळत होती. पोळ्याच्या जागी आता फांदीच नव्हती, पण मोडलेला खुंट होता. डावीकडे साग होता, आणि त्याला वेढा घालून एक पांढुरकं खोड वर गेलेलं होतं, दोन्ही मिळून एकच झालेलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेली जागा तिने घरी बसून काढली होती, आणि ती सगळी बरोबर होती. चुकीच्या फक्त दोन जागा होत्या. त्या दोन्हींवर मी गोल केला होता.

"पेन्सिल आणली का?" भिमाजीने विचारलं.

मी चित्र जोत्याला टेकवून ठेवलं.

"खिशात असंल बघा. नसंल तर कोळसा देतो. जा, त्या झाडाला गोल काढून या. चुकलंय ना ते."

"भिमाजी."

"आक्काचा फोन यायचा दर रविवारी. म्हनायची, भिमा, कोशिंब लालच असतो ना रं? मी म्हनायचो, आगं काय येड्यावानी इचारतीस. वर्षभर इचारत व्हती. मला वाटलं, आजारानं डोकं फिरलं." तो थुंकला. "तुम्ही फिरवलंत."

मी जोत्यावर खाली बसलो. थोड्या वेळाने म्हटलं, "मी हरलो. चित्र तुझं. घे."

त्याने चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. "हे नको."

"कबूल केलं होतं आपण."

"आक्काचं चित्र मागितलं व्हतं मी. ह्यात तुमची दोन झाडं हायेत. ती घरात लावू का? जा घेऊन. तिथंच लावा, टीव्हीवर. रोज बघा."

त्याने मला पाणी दिलं, घरी मात्र बोलावलं नाही. सणाचा दिवस होता, त्याच्या घरी पुरणाचा वास येत असणार. मी परत फाट्यावर आलो आणि दोन तास बसची वाट बघितली.

बसमध्ये माझ्या डोक्यात एकच होतं. हिरव्याच्या खाली लाल असेल. तिने दोन वेळा रंगवलं, म्हणजे खालचं कुठेतरी राहिलं असेल. हिरवं काढलं की तिचं झाड परत मिळेल. मग भिमाजी घेईल, नाहीतर मीच ठेवीन, पण ते तिचं असेल. मी इतका अधीर झालो होतो की नाक्यावर उतरून रिक्षा केली.

घरी आलो, चित्र डायनिंग टेबलावर ठेवलं आणि तिच्याच डब्यातली बोथट सुरी काढली. टर्पेंटाइन अर्धी बाटली शिल्लक होती. कडेपासून हळू सुरू केलं. हिरवं मऊ होऊन सुटत होतं. खाली पांढरं दिसलं. मला वाटलं, कडेला लाल नसेल, आत असेल. आत गेलो. पांढरं. फांदी फांदी करत सगळं झाड काढलं. शेवटचा पानांचा गुच्छ मी नखाने काढला. त्याच्याखालीसुद्धा कोरं कापड होतं.

तेव्हा मला आठवलं. आधी खालचं सगळं खरवडून काढ, कापड दिसलं पाहिजे. मीच सांगितलं होतं, आणि तिने कुठेच कामचुकारपणा केला नव्हता. कापडाच्या विणीमध्ये अडकलेलासुद्धा लाल कण मला सापडला नाही. मी भिंग लावून बघितलं.

मग मी सागाचं खोडही खरवडलं. तिथेही तेच.

दुसऱ्या दिवशी तेजल आली. चित्रात दोन पांढरी भोकं बघून ती रडायला लागली. म्हणाली, "पप्पा, हे काय केलंत तुम्ही? आईचं एवढंच होतं." मग सावरून म्हणाली, क्लासच्या बाईंना सांगू, त्या भरून देतील, लाल करून देतील. मी नको म्हटलं. त्या बाईंनी ते झाड पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलं नाही त्याचा हात पुन्हा तिथे लागायला नको. तेजलने न विचारता मामाला फोन करून सगळं सांगितलं.

रविवारी भिमाजी आला. चहा घेतला नाही. चित्र टेबलावर होतं. त्याने वाकून दोन्ही पांढऱ्या जागांवरून अंगठा फिरवला, गुळगुळीत आहेत का ते बघितल्यासारखा.

"आता चालंल," तो म्हणाला. "आता ह्यात तुमचं काय नाय."

मी दाराशी उभा राहिलो. मी म्हटलं, "राहू दे, भिमाजी. मी नुसतं बघेन."

"शब्द तुमचाच व्हता, दाजी. झाड लाल निघालं."

"मग कधी बघायला येऊ?"

त्याने सुतळीची गाठ मारली, दाताने टोक तोडलं. "चैत्रात या. झाड हाय तिथंच, कोनी बी बघावं. चित्र आतल्या खोलीत ऱ्हाईल. तिथं बाहेरचं मानूस येत नाय."

तेजलने त्याला जिन्यावरून चित्र उतरवायला मदत केली. परत आली तेव्हा तिने आतल्या खोलीतून घड्याळ आणलं आणि त्याच खिळ्यावर लावलं. भिंत ओकीबोकी दिसते म्हणाली.

घड्याळ चांगलं आहे. मी रोज सकाळी सातला ते मोबाइलशी ताडून बघतो. अजून एका मिनिटाचा फरक पडलेला नाही.